चोविसावी चौकट

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो. चार घड्या, एक डाग. घडीघडीनेच उलगडतो.

पहिली घडी.
सासूबाईंनी पट्टी धरून माझ्यावर बत्तीस चौकटी आखल्या आणि त्यांत एका जॅझ गाण्याचे कॉर्ड लिहिले. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर. त्या पियानोवर, सासरे ट्रम्पेटवर. धून एकदा वाजवायची, मग त्याच कॉर्डांवर मनाने नवी रचत जायची.

दुसरी घडी. तेच, पुन्हा, वीस वर्षं.
पंख्याने उडू नये म्हणून मला कपड्यांचा चिमटा लावत. "याच्यावाचून आमचं पान हलत नाही," म्हणणाऱ्या सासऱ्यांनीच माझ्यावर कॉफी सांडली. चोविसावी चौकट बुडाली. पुढे त्यांचे दात गेले, ट्रम्पेट थांबलं, आणि मी पियानोच्या स्टुलाच्या कप्प्यात पडून राहिलो.

तिसरी घडी. इथे चाल बदलते.
सूनबाईने मला बाहेर काढलं. संध्याकाळच्या कार्यक्रमात सासऱ्यांच्या जागी तिला सॅक्सोफोन घेऊन उभं राहायचं होतं, आणि तालमीत ती दर वेळी डागापाशी अडखळत होती. पेन्सिल घेऊन बसली.
"तेविसावीत डी मायनर. पंचविसावीत सी, म्हणजे घर. मधे जी सेव्हनच हवा, तो घराकडे ओढतो." तिने डागावर लिहून टाकलं.
ती चौकट मुळात रिकामी होती, हे मला ठाऊक होतं. पण कागदाला तोंड कुठे?
"हुशार आहेस गं," सासूबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "पण तिथे मी काहीच लिहिलं नव्हतं. तिथे आम्ही सगळे थांबायचो. हे एकटेच वाजवायचे."
"काय वाजवायचात, बाबा?"
सासरे बोळक्या तोंडाने हसले. "दर वेळी वेगळं. पण यायचो तुझ्या त्या जी सेव्हनवरूनच. सोबत सुटली म्हणून घरचा रस्ता बदलतो होय?"
सूनबाईने खोडरबर उचललं.

चौथी घडी. पुन्हा घर.
चोविसावी आली. सासूबाईंनी हात मांडीवर घेतले. सगळं थांबलं. सूनबाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही; पाच सूर, आणि ती अलगद घरी उतरली. पहिल्या रांगेत सासऱ्यांचे ओठ ट्रम्पेटवर असावेत तसे आवळलेले होते. ते आता सैल झाले.

मित्रांनो, जुने कागद जपा, डागांसकट. आणि त्यांत एखादी चौकट रिकामी दिसली, तर घाईने भरू नका. ती कुणासाठी तरी राखलेली असते.