उजवीकडची रिकामी खुर्ची

विमान खात्याच्या साहेबांनो, तुम्हाला चोर म्हणत नाही. चोर निदान घर बघून तरी जातो. तुम्ही आमचं गवत न बघताच त्याच्यावर कलम लावायला निघालात. तुमच्या नव्या मसुद्यात म्हटलंय, की विमान चालवायला शिकणाऱ्याचं पहिलं एकट्याचं उड्डाण तारीख ठरवून, आधी तुमच्या कचेरीला कळवून, पक्क्या धावपट्टीवरूनच व्हावं. आणि एकच शिक्षक असलेली शाळा यापुढे शाळा नाही. हे लिहिणाऱ्या हाताला मार्लिस वोंद्रा ठाऊक नाही.

मार्लिस गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. त्या दिवशी मुलांची जेवणं आटोपून, भांडी घासून ती लुमिर सेदलाचेकच्या पट्टीवर आली. पट्टी म्हणजे दोन मक्याच्या शेतांमधलं कापलेलं गवत आणि एक पत्र्याची शेड. नेब्रास्काच्या या कोपऱ्यातले निम्मे लोक लुमिरकडेच उडायला शिकलेत. तिचा नवरा लेरॉयसुद्धा. लेरॉय गेला तेव्हा सगळ्यांनी तिला एकच सल्ला दिला, त्याचं विमान विकून टाक. शहरातल्या मोठ्या शाळेत ती चौकशीला गेली, तर तिथल्या पोरीनं हसत सांगितलं की रोज सकाळी यावं लागेल. सकाळी मुलांचं जेवण कोण करणार? लुमिरनं काही विचारलं नाही. भांडी घासून झाली की ये, म्हणाला.

मसुदा आला तेव्हा गावातले लोक शेडमध्ये जमले होते. लुमिरनं तो वाचून दाखवला आणि म्हणाला, "मी एकटाच आहे हे खरं. पण भांडायला दोघांच्या बरोबरीचा आहे, असं माझी बायको म्हणायची." लोक हसले. मार्लिसला हसू आलं नाही. नियम लागला की शेडला कुलूप, आणि तिचं शिकणं अर्धवट.

त्या दिवशी वारा पट्टीच्या सरळ रेषेत होता. दोघांनी काही फेऱ्या मारल्या. शेवटची उतरून विमान गवताच्या टोकाला आलं, तेव्हा लुमिरनं थांबायला सांगितलं. दार उघडलं. उतरला.

"इंजिनात काही बिघडलं का?" तिनं विचारलं.

"काही नाही. मीच जड झालोय. तीन फेऱ्या मार आणि ये."

"आज? आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर रात्रभर जागली असतीस. जागलेल्या माणसाला मी विमान देत नाही." दार लावता लावता तो म्हणाला, "हलकं झालंय. उतरायला कुरकुर करेल. मनात शंका आली तर पुन्हा वर जा. जमीन कुठं पळून जात नाही."

तो गवतातून चालत गेला, मागे वळून न बघता.

तिनं इंजिनाला जोर दिला आणि विमान तिच्या अंदाजाच्या आधीच सुटलं. वर गेल्यावर तिची नजर उजवीकडे गेली. इतकी वर्षं ती त्याच खुर्चीत बसली होती. मांडीवर डबा, लेरॉयला रस्ते दाखवत. रिकामी होती ती तिचीच जागा. रडू येईल असं वाटलं, पण तेवढ्यात वळण आलं आणि वळावं लागलं.

उतरताना तेच झालं. विमान गवताच्या वर तरंगतच राहिलं, खाली येईना. पट्टी संपत चालली. समोर मका. दाबून टेकवावं असा हाताला मोह झाला. तिनं दाबलं नाही. जोर दिला, मक्यावरून वर गेली आणि पुन्हा फिरून आली. या खेपेला वेग आधीच कमी केला. चाकं अशी टेकली की धक्का जाणवायच्या आधी तिला गवताचा आवाज आला.

तिन्ही फेऱ्या करून ती शेडपाशी उतरली तेव्हा लुमिर कात्री घेऊन उभा होता. इथली रीतच आहे. पहिल्यांदा एकट्यानं उडालेल्याच्या शर्टाची पाठ कापायची, तिच्यावर नाव लिहायचं, शेडच्या भिंतीवर टांगायची. तो तिच्या मागे गेला आणि थांबला. निळ्या चौकड्यांचा शर्ट, खांद्यावर ढगळ, बाह्या दुमडलेल्या.

"हा लेरॉयचा आहे," तो म्हणाला.

"माहीत नव्हतं ना मला, आजच म्हणून."

"राहू दे मग. उद्या दुसरा आण."

मार्लिसला त्याचे आभार मानायचे होते. इतक्या दिवसांत तिनं ते घरून आणलेल्या, फळांचा गोड गर भरलेल्या कोलाच पावांनीच मानले होते, आणि तो खाऊन नुसती मान हलवायचा. आता तिनं पाठ त्याच्याकडेच ठेवली.

"कापा," ती म्हणाली. "तुमच्या हातानं कापलेला चालेल त्याला."

कात्री बोथट होती. बराच वेळ लागला. मग तिच्या उघड्या पाठीला मक्यावरचा वारा लागला. ती तशीच उभी राहिली, आणि लुमिर कापडाची घडी घालायचं विसरून ते हातात धरून राहिला.

आता तुम्ही बोला. तारीख कळवून, पक्क्या सिमेंटवर, तिऱ्हाईताच्या सहीनं या बाईला तुम्ही यातलं काय दिलं असतं? लेखी उत्तर नको. इथं या, गवतात तिच्यासमोर उभे राहा, आणि सांगा.