दहा फिती

"दहा. बरोबर हायत सिस्टर," अक्षता म्हणाली. मास्कमधून आवाज जरा घाईनेच बाहेर आला.

प्रियदर्शनी सिस्टरांनी स्टँडकडे पाहिले. ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला वापरलेले मॉप, म्हणजे पंच्यासारखी जाड कापडे, ओळीने टांगलेली होती. प्रत्येकाच्या कोपऱ्याला एक निळी फीत शिवलेली. भिजलेले कापड कापडाला चिकटते आणि मोजणाऱ्याला फसवते, म्हणून कापड नाही, फिती मोजायच्या, ही पद्धत सिस्टरांचीच. चौऱ्याण्णव साली त्या ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज झाल्या. तेव्हापासून आज दोन हजार दोनपर्यंत मोजणी एकदाही चुकली नव्हती.

आजही फिती दहाच होत्या. पण सातवा मॉप अंगाने निम्माच होता.

मॉप फाडला असेल तर फीत एकाच तुकड्याला राहणार. मग बिनफितीचा दुसरा तुकडा कुठे होता?

टेबलावर कबनूरच्या सरुबाई होत्या. लूमच्या कारखान्यात कांड्या भरणारी बाई, गर्भाची पिशवी काढायला आलेली. सकाळी नवरा अण्णासो तिच्या चपला पिशवीत घालून थिएटरच्या दारापर्यंत आला होता. "तुमी हाय म्हणून घोर न्हाय बघा सिस्टर," असे म्हणून तो बाकावर बसला होता. अजून तिथेच असणार.

"ह्यो फाडलास?" सिस्टरांनी अक्षताच्या कानाशी विचारले.

"न्हाय सिस्टर."

"अक्षता."

"न्हाय म्हटलं की."

पोरगी मलकापूरची, नोकरीला लागून सहा महिने झालेली. ती खोटे बोलत होती आणि का बोलत होती ते सिस्टरांना ठाऊक होते. कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी एक फळा लावला होता. जिची चूक होईल, जिला ऑपरेशन सुरू असताना सामानाचा दुसरा ड्रम उघडून मागावा लागेल, तिचे नाव खडूने सात दिवस त्या फळ्यावर. येणारा-जाणारा वाचणार. फळा लागल्यापासून मुली भिऊन राहिल्या आणि त्यालाच सगळे शिस्त म्हणू लागले. मेट्रनबाईंनी तर कौतुक म्हणून पेढे वाटले होते.

"झाली ना मोजणी? मी बंद करतोय," मोठे डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटल त्यांचेच. रागावले की हातात असेल ते फेकत, आणि ते कुणाला लागेल याची चौकशी नंतर करत.

सिस्टरांना त्यांची भीती वाटत होती. तेवीस वर्षे वाटत होती. पोट पुन्हा उघडायला लावले आणि आत काहीच निघाले नाही, तर उद्या त्या या थिएटरमध्ये नसतील. गप्प बसले तर आज कुणालाच काही कळणार नव्हते. ताप यायला आठ-दहा दिवस लागतात, कधी महिनाही. तोवर अण्णासो बायकोला घेऊन घरी गेलेला असेल, सिस्टरांचे नाव घेत.

"सर, थांबा."

हा शब्द सिस्टरांनी डॉक्टरांपुढे कधी उच्चारला नव्हता. डॉक्टरांनी मान वर केली.

"मोजणी चुकलीया. चूक माझी हाय."

"दहा म्हणालात ना?"

"फिती दहा हायत. एक तुकडा बिनफितीचा हाय, आत. माझ्या पद्धतीतच खोट हाय सर."

कात्री भिंतीवरच्या टाईलवर आपटली. दुसरी मागून घेऊन डॉक्टरांनी नुकतेच घातलेले टाके तोडले. हात आत घातला. उजवीकडे नाही. खाली नाही. दोन मिनिटे गेली, तीन गेली.

"सर, बीपी उतरतंय. आटपा," भुलीचे डॉक्टर म्हणाले.

सिस्टरांच्या मनात शंका आली. तुकडा बादलीत गेला असेल, आणि आपल्या शहाणपणापायी बाई टेबलावरच जीव सोडेल. त्यांनी अक्षताच्या पाठीवर हात ठेवला. निर्जंतुक गाऊन घातलेल्या पोरीला पाठ सोडून कुठेच हात लावता येत नाही.

"फळ्यावर तुझं नाव येणार न्हाय. माझं येणार. सांग बाळ."

अक्षताचे डोळे भरून आले.

"डाव्या अंगाला, सर. आतड्याच्या मागं, खोल. बारकी गॉज संपलती. दुसरा ड्रम मागाय भ्यालो मी. मॉप फाडून दिलता."

डॉक्टरांचा हात मनगटापर्यंत आत गेला आणि भिजून गोळा झालेला तळहाताएवढा लाल तुकडा घेऊन बाहेर आला. मॉनिटरवरचा आकडा हळूहळू चढू लागला.

बाहेर अण्णासो उठून उभा राहिला. "बरं झालं न्हवं?"

"व्हय. बऱ्या हायत. माझ्या चुकीनं वेळ लागला, सर सांगतील समदं," सिस्टर म्हणाल्या.

मग त्या कपड्यांच्या खोलीत गेल्या आणि फळ्यावर आपले पूर्ण नाव लिहिले. पुढे कारण लिहायची पद्धत होती. तेही लिहिले: 'मुलींना मागायची भीती घातली.'

पुढच्या सोमवारपासून तुमची ड्यूटी ओपीडीत, असे डॉक्टरांनी त्याच दुपारी सांगून टाकले. सिस्टर बरं म्हणाल्या.

शनिवारी, त्यांच्या शेवटच्या दिवशी, थिएटरचा वॉर्डबॉय कृष्णात ओले फडके घेऊन फळ्यापुढे उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, पण नजर वर करेना.

"पुसू का सिस्टर? आज जाणारच की तुमी."

"किती दिस झालं?"

"पाच."

"मग दोन ऱ्हायलं. असू दे."

कृष्णातने फडके खांद्यावर टाकले. तेवढ्यात आतून अक्षताचा आवाज आला. कापरा होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा.

"सिस्टर, दुसरा ड्रम पाहिजे."

प्रियदर्शनी सिस्टरांनी मास्क बांधला आणि त्या ड्रम उघडायला आत गेल्या.