गोवर्धनच्या ट्रकचं चेंबर

काल चेंबर पुढच्या बाजूला अडत होतं. आज ते मागे अडायला लागलं. ट्रक तोच, इंजिन तेच, आणि खाली उताणा पडलेला मिस्त्रीही तोच, म्हणजे मी, सूर्यभान. बडनेरा रोडवर माझं गॅरेज चाळीस वर्षांपासून आहे. इंजिनच्या बुडाला ऑइल साठवणारं पत्र्याचं भांडं असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. अशी किती बसवली त्याची मोजदाद नाही. पण रात्रीतून बाजू बदलणारं चेंबर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

झालं असं. नांदगाव खंडेश्वरच्या गोवर्धनचा हा जुना ट्रक अमरावतीच्या बाजारात भाजी आणतो. त्याच्या इंजिनचा ब्लॉक तडकला. माझा शिष्य धर्मपाल याचं आता अकोल्यात स्वतःचं गॅरेज आहे. त्याने भंगारात निघालेल्या बसचं इंजिन पाठवलं. कंपनी एकच, इंजिनही तसंच. फरक बुडाला. बसच्या चेंबरचा खोलगट भाग पुढे असतो, आणि ट्रकमध्ये नेमका तिथे अ‍ॅक्सल आडवा येतो. म्हणून बसचं चेंबर मी अकोल्यातच राहू दिलं आणि ट्रकचं जुनं लावायला घेतलं. त्याचा खोलगट भाग मागे. सगळी भोकं जुळली, पण पुढे बोटभर फट राहिली. ठोकून पाहिलं, दाबून पाहिलं, शिव्या देऊन पाहिल्या. फट काही मिटली नाही.

संध्याकाळी धर्मपालचा फोन आला. "बसलं का चेंबर, उस्ताद?"

"बसून राहिलं," मी म्हणालो आणि फोन ठेवला. शिष्याला काय सांगणार, कपाळ?

घरी सुंदराबाईला मात्र सांगितलं. गेल्या महिन्यात एका टेम्पोची गिअरपेटी जुळवल्यावर एक वॉशर माझ्या हातातच उरला होता, तेही तेव्हाच सांगून टाकलं. टेम्पो अजून धावतोय, कसा ते मला माहीत नाही. "उद्या चेंबर बसलं नाही, तं परवापासून गॅरेज बंद," मी म्हणालो. "डोकं चालत नसलेल्या माणसानं लोकाइच्या गाड्या खोलू नये." 

सकाळी धर्मपाल माझ्याआधी हजर. "जयभीम उस्ताद, सहज आलो." चार शटर सोडून दुकान असलेला माझा दुसरा शिष्य कुंदन, तोही सहजच आला होता. दोघांना सहज सुचलेलं पाहून मी चिडलो आणि चेंबर उचलून ट्रकखाली सरकलो.

खोलगट भाग पुढे होता. काल तो मागे होता, हे मी शपथेवर सांगितलं असतं. उलटं धरलं असेल म्हणून फिरवून पाहिलं, तर भोकं जुळेनात. पुन्हा सरळ केलं. नवल म्हणजे ते अ‍ॅक्सलला अडलं नाही, पण आता मागे बोटभर फट राहिली. मी हातातलं चेंबर पाहायचो, वर इंजिन पाहायचो, आणि कोणाचं काय चुकलंय तेच कळेना.

दोघांना चहाला पिटाळलं. "मी घरी जाऊन येतो," असंही सांगितलं, कारण मला कोणी पाहायला नको होतं. मग गुपचूप पुन्हा ट्रकखाली शिरलो. थोड्याच वेळात चार पाय परत आले आणि बंपरजवळ थांबले.

"तू चेंबर काहून बदललं बे?" हा कुंदन.

"मंग काय करू? फोनवर उस्तादचा आवाज आयकला, तवाच समजलं का इंजिनातून चेंबरात लोंबते ते ऑइल ओढाची जाळी बसची, पुढचीच राहून गेली. पुढच्या जाळीले पुढचंच चेंबर पायजे. रातोरात बसचं चेंबर अ‍ॅक्सलपुरतं कापून, वेल्डिंग मारून आणलं."

"जाळी तं मी काल रातीच काढली! उस्ताद घरी गेले तवा. ट्रकची, मागची लावली."

"मले सांगाचं ना मंग."

"तू सांगतं का कधी? टेम्पोच्या गिअरपेटीत वॉशर मागून मीच टाकला ना? दोन वर्षं झाले हे चालू हाये."

"हळू बोल. त्याइले समजलं तं गॅरेज बंद करतीन. मंग दिवसभर कुठी बसतीन?"

मी पडल्या पडल्या ऐकत होतो. आधी हायसं वाटलं. काल भाग मागेच होता, म्हणजे डोकं शाबूत होतं. मग ते 'दोन वर्षं' आत उतरलं. जाळी बदलायची राहिली ती माझ्याच हातून. दोन वर्षं माझ्या नावाने गाड्या बाहेर पडत होत्या आणि कोणाच्या हाताने पडत होत्या, हे मलाच ठाऊक नव्हतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"कुंदन," मी खालून म्हणालो. पाय जागीच थिजले. "कोणती जाळी ठेवाची? कोणतं चेंबर लावाचं?"

दोघांचे पाय एकमेकांकडे वळले. मग धर्मपाल म्हणाला, "तुमी म्हणान तसं, उस्ताद."

"अरे, मी म्हणून राहिलो ना, मले समजून नाही राहिलं!" मी ओरडलो. "सांगा न रे कोणी."

धर्मपाल आडवा झाला आणि सरपटत माझ्या शेजारी आला. कुंदन दुसऱ्या बाजूने शिरला. तिघांना खाली जागा नव्हती, खांद्याला खांदा घासत होता.

"जाळी चुकली होती तुमची," धर्मपाल म्हणाला. "आता मागची लागली हाये, तं ट्रकचं जुनंच चेंबर लावू. माझंवालं परत नेतो."

कुंदनने माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि त्याजागी बॅटरी दिली. मी उजेड धरला. धर्मपालने लपवलेलं जुनं चेंबर आणलं; ते वर गेलं, फट मिटली. कुंदन एकेक बोल्ट आवळत गेला. मधेच माझा हात हलला.

"सरळ धरा ना, उस्ताद!" तो खेकसला.

चाळीस वर्षांत माझ्या गॅरेजमध्ये माझ्यावर कोणी खेकसलं नव्हतं. मी बॅटरी सरळ धरली.