‘कावून’ म्हणायचं न्हाई

बारावीच्या निरोप समारंभाला पोरी साड्या नेसतात आणि समारंभ उरकला की पोरांच्या मोटरसायकलींवर बसून फिरायला जातात. हे मला पक्कं ठाऊक होतं. धावत्या गाडीच्या चाकात पदर गेला की खेळ खलास. त्यामुळं माझ्या लेकीला, संस्कृतीला, माझी साडी नेसवताना माझा हात जड झाला होता. मला तिला पाठवायचंच नव्हतं.

तिचे आबा, म्हणजे माझे मालक, शेळ्यांचे व्यापारी. ते म्हणाले, "जाऊ दे की. संस्कृती, कुटं बी आडकलीस तर फोन कर. मी पिकअप घिऊन येतो. का, कावून, काय बी इचारणार न्हाई."

मला हसूच फुटलं. शेळी ओरडली तरी "कावून वरडायलीस गं?" म्हणून तिची चौकशी करणारा हा माणूस!

दुपारी ह्यांना संस्कृतीचा फोन आला. नेकनूरच्या पुढच्या ढाब्यावरून. हे तसेच उठून निघाले.

पिकअप आली तेव्हा मागं, शेळ्यांच्या लेंड्यांत, संस्कृती आणि तिच्या दोन मैत्रिणी साड्या सावरत उभ्या होत्या. मैत्रिणी खाली मान घालून घरी गेल्या. ढाब्यावर गाडीवाली पोरं पिऊन झिंगलेली ह्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, पण पोरीला अवाक्षरानंही विचारलं नव्हतं.

मी दारातच सुरू झाले. "पोरांच्या गाडीवर बसलीसच कावून?"

"मी तिला शब्द दिलाय," हे म्हणाले.

"मी न्हाई दिला!"

संस्कृती शांतपणे म्हणाली, "आई, त्या दोघींना बी घरी फोन करायचा व्हता. पण केला आसता तर उंद्यापासून स्थळं बघितली आसती. म्हणून त्या गप पिलेल्या पोरांच्याच गाडीवर बसायल्या व्हत्या. आबा आले म्हणून वाचलो."

"मग मला कावून न्हाई लावलास फोन?"

"तुलाच लावला व्हता आदी. एक रिंग वाजली अन् तोडला."

इतकी वर्षं वाटायचं, पोरीला मीच जपतेय. पण तिला पिलेल्या पोरांपेक्षा माझी भीती जास्त वाटली होती.

"फुडच्या बारीला मला लाव," मी म्हणाले. "मी बी इचारणार न्हाई."

तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. "जमल तुला?"

"कावून न्हाई जमायचं?"

ह्यांनी तोंड फिरवून हसू दाबलं. संस्कृती हसली नाही.