विरोधातला पुरावा

नोंद नाकारण्यात संपादकबाईंचा हात धरणारं त्या ज्ञानकोशाच्या कचेरीत कुणी नव्हतं. तत्त्वज्ञान विभाग त्यांच्याकडे होता. कुणाचा मुलगा, कुणाचा शिष्य, कुणाचा जावई शिफारस घेऊन यायचा. बाई पाणी विचारायच्या, सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी एकच प्रश्न करायच्या. यांच्याविषयी यांच्या माणसांखेरीज दुसऱ्या कुणी सविस्तर लिहिलंय का? नसेल तर नोंद नाही, मग माणूस कितीही मोठा असो. हा नियम त्यांनीच घालून दिला होता आणि त्यापायी निम्म्या विद्यापीठाशी वाकडं घेतलं होतं.

म्हणूनच त्या सकाळच्या बैठकीत मुख्य संपादक पुढचा प्रस्ताव वाचता वाचता थांबले आणि उगीचच चष्मा पुसत बसले, तेव्हा बाईंना काही उमजेना. प्रस्ताव त्यांच्याच नवऱ्यावरच्या नोंदीचा होता. ते जाऊन दोन वर्षं होत आली होती. ज्यू तत्त्वज्ञान शिकवण्यात आणि त्यावर लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. आता जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून नोंदीची मागणी केली होती, आणि बाईंना त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता.

"मी बाहेर बसते," बाई म्हणाल्या आणि कुणी थांबवायच्या आत त्यांनी दार ओढून घेतलं.

आत काय झालं ते मुख्य संपादकांनी नंतर सांगितलं. धर्म विभागाच्या संपादकांचं प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू व्हायचं, म्हणून सगळी कचेरी त्यांना पण-परंतु म्हणायची. त्यांनी भीड न ठेवता विचारलं होतं, की विद्यार्थ्यांच्या श्रद्धांजल्यांपलीकडे काही आहे का? शिष्याचं प्रेम हा पुरावा नव्हे, हे आपल्याला बाईंनीच शिकवलं ना? म्हणून मुख्य संपादक बाईंकडे आले होते. काही असेल तर बघा, म्हणाले.

"बघते," बाई म्हणाल्या. बघायचं काही नव्हतं. काय आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लग्न झालं तेव्हा नवरा साधा तत्त्वज्ञानाचा मास्तर होता. तिशी उलटल्यावर त्याला हिब्रूचं वेड लागलं, मग हिब्रू लिपीत लिहिलेल्या जुन्या अरबीचं. तुमच्यात कुणी ज्यू आहे का, असं लोक विचारायचे. तो म्हणायचा, "भूमिती शिकायला त्रिकोण नात्यातला असावा लागतो का?" मध्ययुगातल्या एका ज्यू तत्त्वज्ञानं म्हटलं होतं, की देव काय आहे हे माणसाला सांगता येत नाही, फार तर तो काय नाही एवढंच सांगता येतं. उतारवयात त्या तत्त्वज्ञाचं हे मत बदललं होतं, असं बाईंच्या नवऱ्याचं म्हणणं. आधार एका जुन्या पत्राचा. त्यावर त्यानं पुस्तक लिहिलं. त्याचं छापलेलं पुस्तक ते एवढंच.

काही वर्षांनी परदेशातल्या एका विदुषीचं पुस्तक टपालानं घरी आलं. त्यातलं एक अख्खं प्रकरण त्याच्या खंडनाला वाहिलेलं होतं. ते पत्र त्या तत्त्वज्ञाचं नव्हतंच, मागाहून कुणा शिष्यानं त्याच्या नावावर खपवलं होतं, हे तिनं ओळ न् ओळ तपासून दाखवलं होतं. त्या दुपारी तो जेवणाच्या टेबलाशी बसून ते वाचत राहिला. ताट तसंच निवलं. शेवटी म्हणाला, "बरोबर आहे तिचं." त्यानंतर कितीतरी दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. पुढं त्यानं शिकवलं मन लावून, पण पुस्तक म्हणून काही लिहिलं नाही. तो विषय घरात निघाला नाही.

आता पुरावा म्हणून होतं ते तेवढंच प्रकरण.

बाई लेकीला विचारायला तिच्या दवाखान्यात गेल्या. लेक दातांची डॉक्टर. शेवटचा पेशंट गेला होता आणि ती हत्यारं उकळायला लावत होती. बसायला दुसरं काही रिकामं नव्हतं, म्हणून बाई पेशंटच्याच खुर्चीवर टेकल्या आणि जे होतं ते सांगून टाकलं.

लेकीनं हातमोजे काढले. "म्हणजे बाबा लोकांच्या लक्षात राहणार ते कशासाठी? हरण्यासाठी?"

"नाहीतर राहणारच नाहीत."

"मग नकोत राहायला. माझ्या आहेत ना लक्षात."

बाईंनी तिला समजावून पाहिलं. ज्यूंच्या जुन्या शास्त्रचर्चांत ज्याचं मत टिकलं नाही त्याचंही मत नावानिशी लिहून ठेवतात, हे तिचे बाबाच वर्गात किती कौतुकानं सांगायचे. हरलेलं मत पुसून टाकलं तर जिंकलेलं कशाशी भांडून जिंकलं हे कळायचं कसं, असं म्हणायचे.

"ते शास्त्र झालं, आई. हे आपले बाबा आहेत." लेकीचा आवाज चढला नव्हता, पण ती पाठ करून उभी राहिली. "जन्मभर तू लोकांना नियम लावलास. आता तुझ्या नियमापायी त्यांची शोभा करू नकोस. एवढंच मागते."

बाई घरी आल्या. विदुषीचं पुस्तक न देता गप्प राहणं अगदी सोपं होतं. पुरावा नाही, नोंद नाही, विषय मिटला. कुणाला शंकाही आली नसती, उलट बाईंनी घरच्या माणसालाही सूट दिली नाही म्हणून वाहवाच झाली असती. नेमकं हेच त्यांच्या मनाला खात राहिलं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असा पुरावा कोणी दडवला असता तर त्यांनी त्याला दारात उभं केलं नसतं.

पुढच्या बैठकीआधी त्यांनी ते पुस्तक मुख्य संपादकांच्या टेबलावर ठेवलं. पण-परंतु तिथेच होते. त्यांनी ते प्रकरण उभ्या उभ्या चाळलं आणि बाईंकडे पाहिलं.

"पण बाई, हे तर त्यांच्या विरोधात आहे."

"सविस्तर लिहिलेलं हवं, एवढाच नियम आहे. बाजूनं की विरोधात, असं त्यात कुठे म्हटलंय?"

पण-परंतुंनी पहिल्यांदाच 'पण' न म्हणता पुस्तक मुख्य संपादकांपुढे सरकवलं.

बैठक चालली तेवढा वेळ बाई खालच्या ग्रंथालयात एकाच पानावर नजर लावून बसून होत्या. मुख्य संपादक स्वतः जिना उतरून आले. नोंद करायची ठरली होती, छोटीशी. मात्र ती लिहायची कुणी? शिष्यांनी लिहून चालणार नव्हतं, बाईंनी तर नाहीच. तो विषय जाणणारी आणि घरची नसलेली एकच व्यक्ती होती, ती परदेशातली विदुषी. समितीनं तिलाच कळवायचं ठरवलं होतं.

हे बाईंच्या ध्यानीमनी नव्हतं. पण आक्षेप घ्यायला आधार कुठला होता? मान हलवून त्या वर गेल्या. लेकीला सांगितलं तेव्हा तिनं "बरं" म्हणून फोन ठेवला. पुढे फोन यायचा तो नातवाचा.

मजकूर आला तेव्हा मुख्य संपादकांनी बाईंना दाखवायची तयारी दर्शवली. त्यांनी पाहिला नाही. ज्याची नोंद त्याच्या घरच्यांना छपाईआधी मजकूर दाखवायचा नाही, हाही त्यांचाच नियम.

नोंद प्रसिद्ध झाली त्या सकाळी लेकीचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज. "वाचलंस?"

"नाही अजून."

"मग ऐक." आणि ती वाचू लागली. जन्म, शिक्षण, अध्यापन. मग पुस्तक, त्यातला सिद्धान्त, आणि सरळ शब्दांत, की तो टिकला नाही. बाईंनी डोळे मिटून घेतले. पुढची ओळ लेकीनं सावकाश वाचली. 'पत्राच्या खरेपणाची शंका प्रथम त्यांनाच आली. खंडनासाठी लागलेली हस्तलिखिताची प्रत आणि स्वतःच्या सिद्धान्ताविरुद्ध जाणारी टिपणं त्यांनीच प्रस्तुत लेखिकेकडे पाठवली. आपला नामोल्लेख होऊ नये अशी त्यांची अट होती.'

बाईंच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते सवयीचंच. "याला आधार काय?" लेकीचा फोन ठेवून त्यांनी मुख्य संपादकांना फोन लावला. हे विधान ऐकीव असेल तर काढून टाका, म्हणाल्या. मुख्य संपादकांनी सांगितलं, की पण-परंतु याच ओळीवर अडून बसले होते. तिकडच्या विद्यापीठानं ती टिपणं जपून ठेवली आहेत. त्यांची छायाप्रत मागवली, अक्षर पडताळलं, आणि मगच ओळ ठेवली.

संध्याकाळी लेक घरी आली. तिनं दारातूनच विचारलं, "तुला खरंच माहीत नव्हतं?"

"नाही गं." बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. "वर्षानुवर्षं मी त्यांच्या मनाला लागेल म्हणून त्या बाईचं नावसुद्धा काढलं नाही. भाजी निवडताना, अंथरूण घालताना, कधीच. आणि हे आपले स्वतःच... सांगायला काय झालं होतं त्यांना?"

लेकीला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या खरंच चिडल्या होत्या, आणि ज्याच्यावर चिडायचं तो आता भांडायलाही हाताशी नव्हता. लेक त्यांच्या शेजारी सरकून बसली. मग कितीतरी वेळ त्या दोघी त्याच्याविषयी बोलत राहिल्या, दोन वर्षांत बोलल्या नव्हत्या तेवढं.