कलम तिसरे : कारण

मी, भागीरथाबाई बेवा अण्णाजी कामडी, वय अंदाजे साठ वर्षे, धंदा शेती, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि मजवर कोणाचाही दाब नाही.

इथपर्यंत बरं चाललं होतं. मधुकरराव वकील सांगत होते, त्यांचा मुन्शी प्रेमदास लिहून घेत होता, आणि भागीरथाबाई प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. वर्ध्याच्या कोर्टाजवळची बारकीशी खोली, पंच्याहत्तर सालचा मार्च. दारावरच्या ओल्या पोत्यातून येणारी हवाही गरमच.

आनंदाबाई खोलीत नव्हती. आल्याआल्याच वकिलांनी तिला बाहेर काढलं होतं.

"जिला मिळणार तिनं इथं थांबू नये. उद्या पुतण्या म्हणेल, हिनंच मानगुटीवर बसून लिहून घेतलं."

"मानगुटीवर?" आनंदाबाई हसली होती. "माह्यं वजन पाह्यलं काय वकीलसाहेब? बाईची मान राह्यन काय जाग्यावर?" आणि पिशवी उचलून समोरच्या निंबाखाली जाऊन बसली होती.

अठरा वर्षांत भागीरथाबाई तिच्याशिवाय कुठं गेली नव्हती. बाजार, दवाखाना, सोयऱ्यांचं लग्न, सगळीकडे दोघी. गावात लोक म्हणत, एकीला ठेच लागली की दुसरी 'आई गं' म्हणते. आज पहिल्यांदाच तिच्या बाजूची खुर्ची रिकामी होती, आणि बरंच होतं ते.

कलम दुसरे. माझ्या मालकीची अकरा एकर जमीन व राहते घर माझ्या पश्चात आनंदाबाई हिला मिळावे. सदर आनंदाबाई ही माझी

प्रेमदास थांबला. "कोण लागते?"

"सवत."

वकिलांनी चष्मा काढला. "लग्न कोणत्या सालचं, बाई?"

"सत्तावनचं. माह्ये पाय भारी होत नव्हते. मीच पाहून आणली, वडनेरची. मीच ओटी भरली."

"सत्तावन म्हणजे कायद्यानंतरचं. पहिली जिवंत असताना दुसरं लग्न लागतच नाही. म्हणून तर अण्णाजी गेल्यावर तलाठ्यानं एकट्या तुमचं नाव चढवलं. तिचं नाही, तिच्या पोरीचंही नाही. आणि तुम्ही काही न लिहिता गेलात, तर सगळं दिराच्या पोराकडे, बबनरावाकडे."

"म्हणून तं आली."

"द्या की. तुमची जमीन आहे, रस्त्यावरच्या माणसालाही देता येते. नातं लिहायची गरज नाही. पण कारण लिहा. कायदा मागत नाही, पण बबनरावचा वकील मागेल. पुतण्या सोडून हिला का? त्याला उत्तर कागदातच पाहिजे."

कलम तिसरे. आनंदाबाई हिने माझी मनोभावे सेवा केली, म्हणून.

"खोडा."

"का? सगळे हेच लिहितात."

"सेवा गडी करते. त्याले सालाचे दाणे देतो आमी. हे काय सालदार आहे माही?"

कलम तिसरे. आनंदाबाईवर माझी माया आहे, म्हणून.

"खोडा."

"माया नाही?"

"आहे. पण ते कारण नाई."

प्रेमदासनं दोन्ही ओळींवर रेघ मारली आणि वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी घड्याळाकडे. भागीरथाबाईनं पदर सावरला, पुन्हा सावरला. पोटात अठरा वर्षं ठेवलेली गोष्ट. ओठापर्यंत यायलाही तिला वाट माहीत नव्हती.

ती वाट अशी.

सत्तावनचा उन्हाळा. ओसरीवर अण्णाजी आणि देवळीच्या शाळेतले प्रभाकरराव मास्तर बसलेले. आत भागीरथा पीठ मळत होती. मास्तर म्हणाले, "अण्णाजी, आता नवा कायदा झाला. दुसरी आणाल, पण तिचं नाव कुठंच लागणार नाही. पोरीचं नुकसान होईल." अण्णाजी हसले. "खेड्यात कोण पाहते, मास्तर!" त्यांनी ते तिथंच सोडलं.

भागीरथानं सोडलं नाही. पिठातले हात तसेच ठेवून ती ऐकत राहिली. महिनाभर तिला झोप नव्हती, नवी येणार, पोर होणार, आपण ओसरीच्या कोपऱ्यात जाणार. आणि हा मास्तर सांगत होता की येणारीला कायद्यात उभं राहायला जागाच नसेल. ती घरात राहील, पोर देईल, पण घर आपलंच राहील.

त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

पुढच्या आठवड्यात ती वडनेरला गेली. पोरीचा बाप साधा माणूस, चार पोरींचा. त्यानं एकच गोष्ट विचारली. "बाई, मागं-पुढं माह्या पोरीचं काय?" भागीरथानं गळ्यातलं डोरलं मुठीत धरून सांगितलं, "माह्या बरोबरीनं राह्यन. जे माह्यं ते तिचं."

"मले माहीत होतं," भागीरथाबाई वकिलांना म्हणाली. "डोरलं धरून खोटं बोलली मी. हे लिहा."

कलम तिसरे. आनंदाबाई हिचे लग्न कायद्याने लागणार नाही हे मला अगोदर ठाऊक असून मी तिच्या वडिलांना खोटे वचन दिले. ते वचन खरे करण्यासाठी.

"कारण म्हणून पक्कं आहे," वकील हळू आवाजात म्हणाले. "पण बाई, हा कागद तुमच्या मागं उघडणार. पोरगी शिकलेली, आईला वाचून दाखवेल. तेव्हा तिला कळेल. चालेल?"

चालणार होतं, हेच तर वाईट होतं. आपण सरणावर, आणि आनंदी कागदापुढं. शिव्या द्यायच्या तर कोणाला? फोटोला?

"टाईप व्हायले किती वेळ?"

"तासभर. मग रजिस्ट्रारकडे अंगठा."

ती उठली. दुखरा गुडघा धरत एकटीच निंबाखाली गेली.

आनंदाबाईनं फडक्यात भाकर सोडून ठेवली होती. "या, झालं काय? त्या टकल्यानं मले हाकललं, तुमाले तरी पाणी पाजलं काय?"

भागीरथाबाई बसली नाही. बसली असती तर बोलली नसती. तिनं मास्तर सांगितले, पीठ सांगितलं, डोरलं सांगितलं. झोप लागली होती तेही सांगितलं.

आनंदाबाईच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तिनं फडक्यात परत ठेवला.

"माह्या बापाले माहीत होतं?"

"नाई. त्यानं विचारलं होतं."

"त्याईले?" म्हणजे अण्णाजींना.

"मास्तरानं सांगतलं होतं. त्याईनं मनावर घेतलं नाई. मी घेतलं."

निंबाची सावली हातभर सरकली. समोरून टांगा गेला, एक पक्षकार वकिलाला शोधत गेला.

"बाई, ते गेले तवा आठवते?" आनंदाबाई जमिनीकडे पाहत म्हणाली. "बांगड्या दोघीच्या फोडल्या. तेरवीले बबनरावानं लुगडं आणलं तं एकच. तुमच्या मांडीवर ठेवलं. बाया माह्याकडे पाहून राह्यल्या होत्या, हे कोण म्हणून. मी म्हटलं, चुकून झालं असन. तुमाले तवाही माहीत होतं."

"हो."

"विहिरीवर मले ठेवलेली म्हणत. मी घरी येऊन तुमच्याच मांडीवर रडत होती. तवाही."

"हो, आनंदे."

"आनंदी नका म्हणू आत्ता."

खोलीच्या दारातून प्रेमदासनं हाक मारली. कागद तयार होता.

आनंदाबाई उठली, फडकं झटकलं. "जमीन मी घेईन. नाई म्हणाले मी काई संत नाई. माह्या पोरीचं, पद्मीचं आहे ते. जा, अंगठा देऊन या."

"आन् मंग?"

"मंग गावात. बबनरावाच्या ओट्यावर सांजचे सारे बसते. आत्ता मले जे सांगतलं ते तेथी सांगा. मेल्यावर कागदानं बोलू नका. तुमी बोला."

रजिस्ट्रारच्या कचेरीत भागीरथाबाईनं हे सांगितलं तेव्हा वकिलांनी डोक्याला हात लावला. "बाई, मृत्युपत्र पेटीत ठेवायची वस्तू आहे. गावभर कराल तर पुतण्या उद्यापासून जगू देणार नाही. आणि तुमची अब्रू?"

"माही अब्रू," भागीरथाबाई म्हणाली, आणि तिनं अंगठा पुढं केला.

चारची एसटी. दोघी एकाच बाकावर, मध्ये पिशवी.

बबनरावाच्या ओट्यावर सात-आठ जण होते. भैयाजी सरपंच, किराणावाला, दोन म्हातारे. बबनराव तंबाखू मळत होता.

"काय काकी, वर्धेले गेलत्या म्हणे? डोळे दाखवाले काय?" मग आनंदाबाईकडे नजर टाकून, "हे बाई हायेच संगं. काकीले सोडत नाई बुवा."

कोणीतरी हसलं.

भागीरथाबाईला वाटलं, आनंदी आता तोडीस तोड काहीतरी बोलेल, नेहमीसारखं, आणि सगळं हसण्यावारी जाईल. तिनं मागं पाहिलं. आनंदाबाई ओट्यापासून चार हातांवर पदर घट्ट धरून उभी होती. ती हसत नव्हती, आणि मदतीलाही येत नव्हती.

गुडघ्यावर हात ठेवून भागीरथाबाई ओट्याची पायरी चढली. या ओट्यावर ती कधी चढली नव्हती. पुरुषांमध्ये बायका बसत नसत. किराणावाला बाजूला सरकला.

"बबन, तंबाखू थांबव," ती म्हणाली. "भैयाजी, तुमीही आयका. माह्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोबद्दल मले सांगाचं आहे. त्यात तिची चूक काई नाई. चूक माही आहे, आन् ते मी जाणूनबुजून केली."

ओट्यावरचं हसणं थांबलं. तिला पाणी मागावंसं वाटलं, पण तिनं मागितलं नाही.

"सत्तावनच्या उन्हाळ्यात," ती म्हणाली, "मी वडनेरले गेलती."