अठ्ठावन्नच्या पुढचे टक्के

हात कसा आहे असं कुणी विचारलं की मिस्त्री सांगायचे, "एकतीस टक्के." विचारणारा चक्रावून वहिनींकडे बघायचा, आणि वहिनी सुईत दोरा ओवायचं निमित्त करून हसू दाबायच्या.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. सव्वीस वर्षं उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांच्या बायकोला कामावरचे लोक वहिनी म्हणत, ते ऐकून शेजारीपाजारी म्हणायला लागले, आणि मग कपडे घेऊन येणारी गिऱ्हाइकंही. वहिनी घरीच शिलाईमशीन टाकून कपडे बेतशीर करून द्यायच्या. कुणाच्या पँटची चेन बदल, कुणाच्या कोटाच्या बाह्या आखूड कर, असलं काम. चार महिन्यांपूर्वी मिस्त्रींचा डावा हात दोर आणि पुलीच्या मध्ये सापडला. बोटं राहिली हेच नशीब म्हणायचं. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, पण अंगठा काही ऐकेना.

फिजिओबाई म्हणाली, "काका, अंगठा हलेल असं काहीही करा. रोज दोन तास. मन रमेल असं काहीतरी शोधा."

मन रमेल असं! या माणसाचं मन लिफ्टशिवाय आजवर कशात रमलं होतं? रविवारी कुणाकडे जेवायला गेलं तरी हा गृहस्थ आधी त्यांच्या लिफ्टचा आवाज ऐकत उभा राहायचा.

उपाय लेकीनं काढला. ती नोकरीला दुसऱ्या गावी होती, बाबांसाठी रजा काढून आलेली. परत जाताना तिनं आपला जुना व्हिडिओ गेम टीव्हीला जोडून दिला. त्यात एक खार होती. ती छपरांवरून उड्या मारत गावभर लपवलेले अक्रोड गोळा करायची. खारीला चालवायची दांडी डाव्या अंगठ्याखाली, उडीचं बटण उजव्या. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा यायचा, खेळ किती टक्के झाला त्याचा.

"आणि आई, हा दुसरा कंट्रोलर," लेक म्हणाली. "दोन्ही एकाच खारीला चालवतात. बाबांना कुठे जमलं नाही तर तू मागून सांभाळून घे."

"मी काय कुबडी लावून खेळू?" मिस्त्री कडाडले. "ठेव तो ड्रॉवरमध्ये."

वहिनींनी तो मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकला, रिळांच्या शेजारी.

पहिल्या दिवशी खार दारातल्या बादलीत पडली. एकोणीस वेळा. "पोराटोरांचे खेळ!" म्हणून मिस्त्रींनी टीव्ही बंद केला. पण बंद करता करता कोपऱ्यातला आकडा त्यांना दिसला. दोन टक्के. म्हणजे काहीतरी झालं होतं तर! आजवर हात कसा आहे हे त्यांना कुणीच धड सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणायचे "बघू", फिजिओबाई म्हणायची "छान चाललंय". छान म्हणजे किती? ज्या माणसानं आयुष्यभर दोराची जाडी मापून घेतली त्याला "छान" सांगून काय उपयोग? इथे मात्र लिहून येत होतं. दोन.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं आणि टीव्हीशेजारी खिळ्याला लटकवलं. मिस्त्रींच्या धंद्यात या कार्डाला फार मान. प्रत्येक लिफ्टच्या मशीनरूममध्ये ते असतं. ब्रेक बघितला, तेल घातलं, दोर तपासला, की त्या चौकटीत खूण करायची. शेवटी दोन सह्या, एक काम करणाऱ्याची, दुसरी सोबत असणाऱ्याची. कारण लिफ्टच्या टपावर एकट्यानं चढायचं नसतं. एकानं काम करायचं आणि दुसऱ्यानं खाली स्विचपाशी उभं राहायचं, कुणी लिफ्ट चालू करू नये म्हणून. मिस्त्रींचा एकच नियम होता, हात लागल्याशिवाय खूण नाही. एका सहकाऱ्यानं एकदा वर न चढताच खुणा केल्या होत्या. मिस्त्री त्याच्याशी नऊ वर्षं बोलले नाहीत. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेले, पोटभर जेवले, पण बोलले नाहीत ते नाहीतच.

तर या कार्डावर ते रोज तारीख घालून टक्का लिहायचे आणि सही करायचे. दुसऱ्या सहीची जागा रिकामी राहायची. सात. बारा. एकतीस. अंगठा खरोखर हलायला लागला होता. चहाचा कप धरता यायला लागला. एक दिवस त्यांनी शर्टाचं बटण स्वतः लावलं आणि वहिनींना मुद्दाम हाक मारून दाखवलं. त्या आकड्यानं माणूस उभा केला हो, खोटं कशाला बोला!

आणि मग अठ्ठावन्नावर गाडी अडली.

छपरांच्या टोकाला एक पवनचक्की होती. तिच्या फिरत्या पात्यांवरून खारीला पलीकडे न्यायचं होतं. त्यासाठी दांडी अर्धीच दाबून धरायची, जास्त नाही, कमी नाही. तेवढंच अंगठ्याला साधेना. तो एक तर पूर्ण दाबायचा, नाहीतर सुटायचा. कार्डावर अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी मिस्त्रींनी कार्ड लिहिलं नाही. व्यायामाला गेले नाहीत. जेवणाच्या ताटावर नुसते बसून राहिले.

"कळलं मला," ते म्हणाले. "माझा हात एवढाच. पुढे नाही."

"अहो, खेळच आहे तो."

"तुला नाही कळायचं."

वहिनींनी चार महिने या माणसाचा राग, चिडचिड सगळं सोसलं होतं, पण हे असं भिंतीकडे बघत बसणं बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच गोड बोलून मिस्त्रींना टीव्हीपुढे बसवलं. स्वतः मागे मशीनवर बसल्या. मांडीवर गिऱ्हाइकाचा लोकरीचा कोट पसरला आणि त्याच्याखाली ड्रॉवरमधला दुसरा कंट्रोलर. खार पात्यावर आली, मिस्त्रींचा अंगठा घसरला, आणि वहिनींनी कोटाखाली दांडी हळूच सावरून धरली. रेशमी कापडाला टाचणी लावणारे हात ते, अर्धं दाबणं त्यांना कुणी शिकवायला हवं होतं? खार पलीकडे गेली.

मिस्त्री उभेच राहिले. "जमलं! अगं, जमलं! बघितलंस?"

"बघितलं ना," वहिनी म्हणाल्या. आणि त्यांना रडूच आलं, इतका तो चेहरा उजळला होता.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर गोष्ट वेगळी. पण पवनचक्कीपुढे वाटा अवघडच होत गेल्या. रोज कुठेतरी अंगठा घसरायचा आणि रोज कोट मांडीवर यायचा. आणखी एक गोष्ट होती, ती वहिनी स्वतःशीसुद्धा कबूल करत नसत. त्यांना मजा यायला लागली होती. भांडी घासली की पुन्हा खरकटी होतात, एक बाही उसवून शिवली की दुसरा कोट दारात उभा. तेवीस वर्षांच्या संसारात त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की बाई, तुझं इतकं झालं, आता इतकंच राहिलं. इथे अक्रोड उचलला की आकडा पुढे सरकायचा. कढईत फोडणी टाकताना मनात यायचं, त्या घंटेमागे एक राहिलाय.

सत्तर. अठ्ठ्याहत्तर. पंच्याऐंशी. मिस्त्री शीळ घालत दाढी करायला लागले. एकोणनव्वद झाले त्या शुक्रवारी त्यांनी कामावर फोन लावला. वहिनी काज करत होत्या.

"हेडसाहेब, हात झाला बरा. हो, एकोणनव्वद टक्के म्हणजे झालाच की. सोमवारी येतो. परीक्षा घ्या माझी, थेट टपावर."

वहिनींच्या बोटात सुई गेली.

टपावर! तिथे उजव्या हातानं काम करायचं आणि डाव्यानं जीव धरायचा, हे मिस्त्रींनीच त्यांना कितीदा सांगितलं होतं. आणि तो डावा हात एकोणनव्वद होता कुठे? अठ्ठावन्न होता. वरचे एकतीस कोटाखालचे होते.

शनिवारी त्यांनी कंट्रोलरला हात लावला नाही. वाटलं, खार पडेल, ह्यांच्या आपोआप लक्षात येईल. खार पडली, चाळीस वेळा पडली. मिस्त्री म्हणाले, "आज हात जड आहे. थंडीनं असेल." आणि कार्डावर पुन्हा एकोणनव्वद लिहून सही ठोकली. कोपऱ्यातला आकडा कधी खाली येतच नव्हता! एकदा चढला की चढला, मग हात चालो की न चालो.

रविवारी सकाळी मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी काढली, पाने पुसून ओळीनं मांडले. वहिनींनी तीन वेळा तोंड उघडलं आणि तीन वेळा मिटलं. नऊ वर्षं न बोललेला तो सहकारी डोळ्यांपुढून हलेना. त्याचं निदान लग्नाला बोलावण्यापुरतंच नातं होतं. आपल्याला याच घरात राहायचंय.

मिस्त्री खेळायला बसले. चहा आला तेव्हा त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि कप उचलला. पडद्यावर खार छपरावर उभी होती.

वहिनींनी मांडीवरचा कोट उचलून बाजूला ठेवला. आणि दांडी पुढे केली.

खार चालायला लागली. मिस्त्रींचा कप ओठांपाशीच राहिला. खार छपरावरून उडाली, पवनचक्कीवर चढली, एक पातं, दुसरं पातं, अलगद पलीकडे उतरली आणि शेपटी हलवत थांबली. टेबलावरच्या कंट्रोलरला कुणाचा हात नव्हता.

मिस्त्री वळले. वहिनींनी दोन्ही हातांत धरलेला तो कंट्रोलर त्यांनी पाहिला.

"कधीपासून?"

"अठ्ठावन्नपासून." वहिनी म्हणाल्या. "तुम्ही जेवत नव्हता. मला बघवेना हो. पण उद्या तुम्ही टपावर चढाल आणि तिथे मागे मी नसेन."

मिस्त्री उठले. कार्ड काढून त्यावरच्या आपल्या सह्या एकेक करून वाचल्या. मग कार्ड खिशात घालून बाहेर गेले. लिफ्ट सोडून जिन्यानं गेले, पावलं वाजत होती. वहिनी मशीनपाशी बसून राहिल्या. तासभरानं ते आले आणि त्यांनी फोन लावला.

"हेडसाहेब, उद्या नको. हात अजून झालेला नाही. नाही, माझीच खूण चुकली."

फोन ठेवून ते म्हणाले, "सोबत असणारा कामाला हात लावत नसतो. तो नुसता उभा राहतो. तेवढंच त्याचं काम असतं आणि ते सोपं नसतं."

"चुकलं माझं."

"चुकलंच!" ते ओरडले. मग थोड्या वेळानं, नजर टीव्हीकडे ठेवून, "त्या पात्यावर एवढं हलकं कसं काय धरतेस गं?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी नवा खेळ सुरू केला. शून्य टक्के. जुना पुसला नाही. "तो तुझा. घंटेमागचा एक राहिलाय, घेऊन टाक," एवढंच म्हणाले. म्हणजे घंटेमागचा त्यांनीही पाहून ठेवला होता!

नवं कार्ड खिळ्याला लागलं. आणि घरात एक नवा रिवाज पडला. अवघड जागा आली की मिस्त्री मागे न बघता म्हणायचे, "हात वर." वहिनी हातातलं काम सोडून दोन्ही हात वर करायच्या. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी करायच्या. एकदा एक बाई कोट न्यायला आली होती, तिनं घाबरून आपलेही वर केले.

पवनचक्की यायला सात आठवडे लागले. या वेळी आकडा त्रेपन्नच होता. मिस्त्रींनी वाटेतले बरेच अक्रोड सोडून दिले होते. तेवीस दिवस खार रोज पडत होती. रोज कार्डावर त्रेपन्न, खाली एक सही आणि पुन्हा व्यायाम. मधे वहिनींचे हात वर धरून दुखायला लागायचे. डोळ्यांसमोर अंगठा घसरायचा आणि त्यांची बोटं हवेतच वळायची. हे काम नुसत्या उभ्या माणसाचं, पण कोटाखालच्या कामापेक्षा शंभर पटीनं जड होतं.

चोविसाव्या दिवशी दुपारी मिस्त्री म्हणाले, "हात वर."

वहिनींनी केले. एका हातात सुई तशीच राहिली, दोरा लोंबत. खार पहिल्या पात्यावर गेली. मिस्त्रींचा अंगठा थरथरत होता, पण दांडी अर्ध्यावर होती. दुसरं पातं. वहिनींनी श्वास रोखला. खार पलीकडे उतरली.

मिस्त्रींनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते आधी मागे वळले. वहिनींचे दोन्ही हात वर होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"आता घे खाली," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी खिळ्यावरचं कार्ड काढलं, तारीख घातली, चोपन्न लिहिलं आणि पहिल्या जागी सही केली. मग ते मशीनपाशी आले. कोट बाजूला सारून कार्ड वहिनींपुढे ठेवलं, दुसऱ्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं, आणि डाव्या हातानं पेन पुढे केलं.